जास्त मजकूर ती नोंद खरी

४ जानेवारी १९९९, सोमवार

मेधाचं टायपिंग आज संपलं एकदाचं. वीस वर्षांची माझी कार्डं, चपलांच्या खोक्यांत भरलेली, सगळी तिच्या क्लासातल्या कॉम्प्युटरच्या पोटात गेली. तीन महिने लागले. मी रोज दुपारी जाऊन तिच्या डोक्यावर उभी. "एक अक्षर गाळायचं नाही हं मेधा. मी लिहिलंय ते सगळं." बिचारी मान डोलवायची. पोरगी हुशार आहे, क्लास एकटीनं उभा केलाय, पण उलटून बोलत नाही. एवढाच दोष.

आता साताऱ्याचं माझं वधूवर केंद्र आणि सांगलीचं अण्णांचं, दोन्हीकडची स्थळं एकत्र होणार. आत्तापर्यंत अण्णा पत्रानं कळवायचे. कारखान्यातले निवृत्त हेडक्लार्क ते, पत्र लिहिणार मोत्यासारखं, पण टाकणार आठ दिवसांनी. पत्र पोचेपर्यंत मुलाचं लग्न होऊन बारशाची तयारी.

ह्यांचं म्हणणं, "तुझ्या डोक्यात होतं ते काय वाईट होतं?" डोकं म्हातारं होतंय म्हटलं.

९ जानेवारी, शनिवार

पहिली देवाणघेवाण. फोन लावला की ते मोडेम आधी किंचाळतं, मग घसा खरवडतं. तीनदा लाइन तुटली. मेधा शांत. मीच घामाघूम, जसं काही मला वरातीत नाचायचंय.

समजलं तसं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. पुण्यात एका कंपनीचं मोठं मशीन आहे, कायम चालू. त्यात आम्ही दोघांनी मिळून भाड्यानं जागा घेतलीय. माझ्यासारखे अण्णांसारखे आणखी किती भाडेकरू त्यात, कोण कुणाला ओळखत नाही. दर शनिवारी सातारा आपली यादी तिथं चढवणार, सांगली त्यांची. तिथं दोन्हींची एक यादी होते, ती दोघांनी उतरवून घ्यायची. म्हणजे दोन्ही घरी सारखाच स्वयंपाक. सांगलीकडचं सगळं अण्णांचे जावई बघतात.

एकाच माणसाची नोंद दोन्हीकडे वेगवेगळी निघाली तर? त्यावर अण्णांचा नियम: जिच्यात मजकूर जास्त ती खरी. "बाई, अर्धवट नोंद म्हणजे कामचुकारपणा." मला पटलं. मीही पस्तीस वर्षं मास्तरीण, शेवटची काही मुख्याध्यापिका, कमी लिहिणाऱ्याला कमीच मार्क दिले.

१४ जाने.

संक्रांत. हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना एकच विषय, बाईंचा कॉम्प्युटर. एक म्हणाली, आता पत्रिकापण तोच जुळवणार का. म्हटलं भांडणंपण तोच मिटवेल.

१९ जाने., मंगळवार

अण्णांचा फो. आला. तासगावचा श्रीकांत. एकतीस वर्षांचा, बी.कॉम., द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. आईवडील नाहीत, आत्यानं वाढवलं. एकत्र यादीतली नावं आणि शिक्षण वाचून दाखवलं तर त्यानं एकच नाव काढलं. आष्ट्याची नंदा.

माझी नंदा! फोन ठेवला आणि साखर खाल्ली. डॉक्टरनं बंद केलीय तरी.

सव्वीस वर्षांची. आष्ट्यात शिवणक्लास चालवते. वडील फौजेत होते, वारले, आता आई आणि ती. मामा साताऱ्यात म्हणून नाव माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा मामाला आणि आईला बाहेरच्या खोलीत बसवून एकटी आत आली. म्हणाली, "बाई, एक सांगायचं हाय. सोळाव्या वर्षी मला क्षय झालता. मिरजंला वरीसभर औषध चाललं. आता काय न्हाई, डागदरनं लिवून दिलंय. पर ज्याच्यासंगं ठरंल त्याला मी सांगणार. मीच सांगणार. दुसऱ्या कुणी सांगायचं न्हाई." पाठ सरळ, नजर माझ्याकडे. मी म्हटलं, माझ्यापाशी राहील. ती म्हणाली, "म्हणून तर सांगलीत नाव घातलं न्हाई, बाई. तिथं समदी वळखीची."

डिसेंबरात तिला पत्र टाकून विचारलं होतं, यादी सांगलीलाही जाणार, चालेल का? तिचं कार्ड आलं: नाव-शिक्षण जाऊ दे, बाकी तुमच्यापाशी.

२४ जाने., रविवार

सांगलीला अण्णांच्या घरी बघण्याचा कार्यक्रम. पोहे अण्णांच्या सुनेनं बरे केले होते, खोबरं जास्त.

श्रीकांत उंच, काळासावळा, शर्टाची बाही नीट दुमडलेली. मुली बघायला येणारे मुलगे सहसा छताकडे बघतात, हा तिच्याकडे बघत होता, पण सभ्यपणे. नंदानंच विचारलं, "बेदाणा काळा का पडतोय?" झालं. मग ऊन, वारा, जाळी, पाऊस आला तर काय. आत्या मध्येच, "आरं, तिला काय बागवान करायचं हाय का रं?" सगळे हसले. आत्या बोलायला खरखरीत, पण जाताना नंदाच्या हातावर हात ठेवला. "पोरगी लय निवांत हाय."

एस.टी.त नंदाला विचारलं, सांगितलंस का. "आज आत्या हुत्या. पुढल्या खेपंला दोघंच असू तवा सांगते." मग, "बाई, ते चांगलं वाटत्यात ना?"

वाटतात गं बाई, वाटतात.

३० जाने., शनिवार

अण्णांनी एकत्र यादी छापून वही बांधून एस.टी.च्या पार्सलनं पाठवली. निळं कव्हर, वर गणपती. कौतुकानं चाळायला घेतली. सगळ्यात शेवटचा रकाना 'शेरा'. म्हटलं शेरा कसला, मी तर असा रकाना...

मुलगा तंबाखू खातो, वडिलांना माहीत नाही.
उंची सांगितली त्याहून एक इंच कमी.
आईचा स्वभाव तिखट, सून शांत नको.

माझी वाक्यं. माझी.

पान उलटायला हात होईना. उलटलं. नंदाच्या नावापुढं: "१६व्या वर्षी क्षय. मिरजेत १ वर्ष उपचार. पूर्ण बरी. स्वतः सांगणार."

३१ जाने., रविवार

काल पुढं लिहिता आलं नाही.

शाईनं लिहिते ते लोकांसाठी, पेन्सिलीनं लिहिते ते माझ्यासाठी. वीस वर्षांची रीत. कार्ड कुणाला दाखवताना पेन्सिलीवर अंगठा ठेवते, आपोआप जातो अंगठा तिथं. ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितलीच नाही. ह्यांनासुद्धा नाही. सांगायची असते असं वाटलंच नव्हतं.

सकाळीच मेधाकडे गेले आणि तोंड सोडलं. अक्कल, जबाबदारी, सगळं काढलं. तिनं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणालात एक अक्षर गाळू नको. पेन्सिलीचं फिकट होतं ना, मी दुपारी खिडकीशी धरून वाचायची. डोळे दुखायचे." शेरा हा रकाना तिनं मुद्दाम त्यासाठी केला. माझं काही वाया जाऊ नये म्हणून.

हात दाखवून अवलक्षण.

दोघींनी बसून सगळे शेरे पुसले. चार तास. चहासुद्धा मीच करून दिला तिला.

६ फेब्रु., शनिवार

देवाणघेवाण झाली. यादी उतरवली. मेधा बघता बघता थांबली. मी म्हटलं, काय गं? तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला.

सगळे शेरे परत जागेवर. तंबाखू, उंची, तिखट आई. आणि नंदा.

कारण आमची नोंद पुसून छोटी झाली. सांगलीकडे जुनी, मोठी. जास्त मजकूर ती खरी. नियमानं आपलं काम चोख केलं. मेधा म्हणाली, "आपण इथं कितीही पुसलं तरी तिकडून परत येणार बाई. दोन्हीकडे एकाच वेळी पुसायला पाहिजे. आणि पुण्याला." मग म्हणाली, "आणि वह्या."

वह्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकच छापली असेल अशी समजूत. अण्णांना फोन लावला, उचलला सुनेनं. मिरजेला गेलेत, सोमवारी भेटतील.

८ फेब्रु., सोमवार

पहिल्या एस.टी.नं सांगली. अण्णा पूजेत होते, तशीच उभी राहिले.

ऐकून अण्णा खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, घातला. "बाई, मी छापलं पण वाचलं नाही हो. शेरा म्हणजे दुसऱ्याच्या ऑफिसची टिपणी. चाळीस वर्षं नोकरीत दुसऱ्याच्या टिपणीत नाक खुपसलं नाही." मला त्या माणसाचा राग यावा अशी फार इच्छा होती. आला नाही.

वह्या बारा. त्यांची पद्धत अशी की वही घरी न्यायची, चार दिवसांत आणून द्यायची, म्हणजे घरातल्या बायकांना निवांत बघता येतं. चांगली पद्धत. कोणी कधी नेली त्याची नोंद, अर्थात, काटेकोर. त्यात 'तासगाव' दिसलं. आत्यांनी नेली होती, धाकट्या पुतण्याला मुलगी बघायला. २७ जानेवारीला. त्याच्याखाली आष्टा, एक घर. मी बोट ठेवलं, अण्णांनी बघितलं.

जेवणसुद्धा न करता अण्णा लूना काढून वह्या गोळा करायला निघाले. सत्तरीचा माणूस, टोपी सारखी करत. जावयानं सगळे शेरे पुसले, त्याच वेळी मी फोनवर मेधाला इकडे पुसायला लावलं, मग पुण्याचं. या खेपेला परत आलं नाही.

एस.टी. आष्ट्यात थांबली तेव्हा उतरायला हवं होतं. उतरले नाही. कंडक्टरनं विचारलंसुद्धा, "आवं मावशी, उतरायचं हाय का?" उभी का राहिले होते कोण जाणे.

११ फेब्रु.

अण्णांचा फो. अकरा वह्या परत. तासगावची राहिली. अजून कुणीच काही बोललेलं नाही. हेच वाईट. बोलले असते तर कळलं तरी असतं.

नंदाचं पत्र आलंय, दुसऱ्या भेटीचं कधी ठरवताय. उत्तर लिहिलं नाही.

१३ फेब्रु., शनिवार

दुपारी दारात श्रीकांत. हातात द्राक्षांची पेटी आणि तीच निळी वही.

मी वही घेतली आणि आत ठेवायला गेले, पाणी आणायच्या निमित्तानं. बाहेर आले तर तो सरळ मुद्द्यावर. "बाई, आत्यानं वाचलं. दोन दिवस जेवली न्हाई. म्हणाली, ही सोयरीक नको. मी वाचलं तवा..." आणि थांबला. मग म्हणाला, मिरजेला जाऊन डॉक्टरला विचारून आला. ते म्हणाले पुरा बरा झालेला माणूस तुमच्या-माझ्यासारखाच. "आत्याची समजूत मी काढंन. तिचं भ्या येगळं हाय."

मग म्हणाला, "पर बाई, तिथं लिवलंय, स्वतः सांगणार. ते वाचून मला लय बरं वाटलं. जी पोरगी असं म्हणती ती... तर तिला सांगू दे. मी वाचलंय हे तिला कळू देऊ नगासा. मी पयल्यांदाच ऐकतोय असं ऐकीन."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतका चांगला माणूस आयता यादीतून मिळतो का? पाच-सहा वेळा तरी त्याला जेवून जा म्हटलं असेन. जेवला. दोन भाकरी, पिठलं.

सुंठीवाचून खोकला गेला. तिला कळायचं नाही, तिला हवं तसं होईल, माझी चूक झाकली जाईल. त्याच्या तोंडूनच. मी मागितलंसुद्धा नाही.

१४ फेब्रु., रवि.

मेधाला सांगितलं. वाटलं, पोरीच्या जिवावरचं ओझं उतरेल. ती ऐकत होती, मग म्हणाली, "म्हणजे आता तिची माहिती त्याच्याकडे आहे, आणि ही माहिती तुमच्याकडे आहे. नंदाकडेच काही नाही. बाई, हे परत तेच झालं की."

उलटून बोलत नाही म्हटलं होतं मी. बोलली. रागानं घरी आले. संध्याकाळपर्यंत राग तिच्यावर होता, मग कुणावर ते कळेना.

हे म्हणाले, "सगळं सुरळीत होतंय ना? मग तू कशाला विस्तवात हात घालतेस?" बरोबरच आहे. मला तेच ऐकायचं होतं. ऐकूनही बरं वाटलं नाही.

१५ फेब्रु.

श्रीकांतला शब्द दिला का मी? आठवून बघतेय. मान हलवली होती. मान हलवणं म्हणजे शब्दच.

नंदाला तर तोंडानं दिला होता.

१७ फेब्रु., बुधवार

आष्टा.

क्लास चालू होता. सहा-सात मुली. मला बघून तिनं मशीन थांबवलं, मुलींना म्हणाली, "जावा, उद्या या." तिला कळलंच होतं काहीतरी. पत्राला उत्तर आलं नाही तेव्हाच.

सगळं सांगितलं. पेन्सिल, मेधा, वही, तासगाव. माझी चूक अशी, इतक्या वेळा म्हटलं की शेवटी ती म्हणाली, "कळलं बाई." विचारलं एकच, "आनि कुणी कुणी वाचलं?" मी सांगायला लागले. शेवटी आष्ट्यातलं घर सांगितलं.

ती मशीनवरच्या कापडाची घडी घालत होती. "व्हय. दोन पोरी यायच्या बंद झाल्यात गेल्या हप्त्यापास्नं. त्याच आळीतल्या. मला वाटलं परीक्षा असंल."

देवा. मी हात जोडले तिला. वयानं तिच्या दुपटीहून जास्त मी, पण जोडले. तिनं माझे हात खाली केले, रागानं की कशानं ते कळलं नाही.

मग श्रीकांतचं सांगितलं. तो येऊन गेला, त्यानं वाचलंय, त्याला चालतंय, त्यानं तुला सांगू नको म्हटलं होतं. वाटलं, इथं तरी तिचा चेहरा उजळेल. नाही.

"मंग आता मी तिथं जाऊन काय सांगू? मी सांगायचं आन् त्यांनी नवं ऐकल्यावानी करायचं? नाटकच की वो." मग, "धा वरसं पाठ केलंय मी ते. कुठनं सुरू करायचं, कवा थांबायचं. रातचं औषध घ्यायची तवा आई काय म्हणायची ते पन सांगायचं हुतं. तुमी चार वळीत लिवलं."

मी म्हटलं, माझ्यासाठी होतं ते फक्त, आठवण म्हणून. "व्हय. पर हुतं माझं."

तिची आई चहा घेऊन आली. नंदा म्हणाली, "बाईंची एस.टी. चुकंल आई." चहा न घेताच निघाले. बरोबर केलं तिनं.

१९ फेब्रु.

काही नाही. वांगी किडकी निघाली. ह्यांच्यावर विनाकारण ओरडले.

२० फेब्रु., शनिवार

मेधाकडे गेले, पहिल्यांदा माफी मागितली. ती इतकी लाजली की मलाच लाज वाटली.

अण्णांशी फोनवर बोलून नियम बदलला. ज्याच्याकडे माणूस स्वतः येऊन नाव घालतो त्याचीच नोंद खरी, छोटी असो मोठी असो. त्यानं पुसलं की दुसऱ्याकडेही पुसायचं. आणि शेरा हा रकानाच नाही. अण्णा म्हणाले, "बाई, मी चाळीस वर्षं ज्याला शिस्त समजलो ती..." वाक्य सोडून दिलं त्यांनी. म्हटलं, अण्णा, शिस्त चांगलीच होती हो, माणसं निराळी असतात.

पुण्याच्या कंपनीला मेधानं फोन केला होता. त्यांच्या मशीनची रोज एक नक्कल निघते म्हणे, बिघाड झाला तर असावी म्हणून. त्या नकलांत आमचे शेरे असणार. कधी पुसणार? ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप. त्या कुठं ठेवलेल्या असतात? ते सांगता येत नाही म्हणाले. म्हणजे नंदाचं दुखणं कुठल्यातरी कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडे नाही. त्या मशीनमधल्या आमच्या शेजारच्या भाडेकरूला तरी ठाऊक असेल का, आपण कुणाच्या भिंतीला पाठ लावून झोपलोय.

२४ फेब्रु., बुधवार

सकाळी नंदाचा फोन, एस.टी.डी. बूथवरून. मागं कुणीतरी भांडत होतं.

"बाई, त्यांच्या नावाम्होरं काय शेरा हाय?"

म्हटलं, काही नाही, कोरा. अण्णा शेरे लिहीत नाहीत. आणि असता तरी सांगितला नसता.

"एवडं कोरं कुणी असतंय व्हय?" आणि हसली. हसली! किती दिवसांनी. मग म्हणाली, "रव्वारी तासगावला जायाचं. आईला नको, तुमी चला. तुमी फकस्त बसायचं. मधी बोलायचं न्हाई."

बरं म्हटलं. मुख्याध्यापिकेला कुणी इतकं स्पष्ट बजावलं नव्हतं.

काय सांगणार आहेस विचारलं. "बघू." तुला मी सांगितलंय, हे त्याला सांगू का? "ते बी मीच सांगते."

२८ फेब्रु., रविवार

तासगावहून आत्ताच आले, पाय धुतले आणि लिहायला बसले.

द्राक्षाची तोडणी चालू. रस्त्याला ट्रॅक्टर, ट्रेलरमध्ये पेट्या. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर माल पसरलेला, गोड आंबूस वास. आम्ही आलो तशी श्रीकांतनं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. नंदा तिथंच, उभ्यानं, आत्यांसमोर म्हणाली, "बाईंनी मला समदं सांगितलंय. तुमी वाचलंय ते. तुमी सांगू नका म्हणाला ते बी." तो कानापर्यंत लाल. मी जमिनीकडे. नंदा म्हणाली, "आता तुमाला कायच म्हाईत न्हाई असं समजून बोलायचं न्हाई मला. पर बोलायचं हाय. हितं न्हाई, शेडमधी."

दोघं गेले. मी आणि आत्या ओट्यावर.

आत्या घड मोडून वाटीत मणी टाकत होत्या. मला एकदासुद्धा घ्या म्हणाल्या नाहीत. वाटी अर्धी भरल्यावर बोलल्या. बाई, मी नको म्हणाले ते पोरीला नाव ठेवायला न्हाई, असं म्हणून त्यांच्या घरातली एक गोष्ट सांगितली, श्रीकांतच्या वडलांची. श्रीकांत लहान होता तेव्हाची. ती ऐकल्यावर त्यांचं दोन दिवस न जेवणं मला कळलं. म्हणाल्या, "त्यो हे कुणाला बोलत न्हाई. मला बी बोलू देत न्हाई. तुमाला का सांगितलं कुणास ठावं." मग वाटी माझ्यापुढं सरकवली.

ती गोष्ट इथं लिहीत नाही.

दीड तास झाला. ऊन कलायला लागलं. आत्या दोनदा उठून शेडकडे बघून आल्या, तिसऱ्यांदा मी त्यांना धरून बसवलं.

बाहेर आले तेव्हा नंदाचे डोळे सुजलेले, श्रीकांतचेही. कोण काय बोललं काही कळायला मार्ग नाही. आत्या थेट तिच्यासमोर गेल्या. मला वाटलं आता काहीतरी ठणकावणार. तिच्या केसात अडकलेला बेदाण्याचा देठ काढला आणि म्हणाल्या, "च्या घेऊन जा."

चहा झाला. हो नाही, काही ठरलं नाही. कुणी विचारलंही नाही.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी. सांगली मागं पडली तेव्हा आपणहून म्हणाली, "सांगितलं बाई. तुमच्या चार वळी हुत्या. मला येवढा येळ लागला." राग नव्हता आवाजात. कमी झाला असेल. गेला असेल असं नाही, आणि तशी अपेक्षाही नाही माझी.

मग म्हणाली, "ते म्हणालं, मला बी एक सांगायचं हाय, कुनाला सांगितलं न्हाई आजपातूर. पर आज न्हाई, आज तुमचंच आयकायचं. पुढल्या रव्वारी आष्ट्याला येतो म्हणालं." माझ्याकडे वळली. "काय असंल वो बाई?"

जिभेवर होतं माझ्या. तिला दोन शब्दांत सांगता आलं असतं, तिचा आठवडा सुखाचा गेला असता, हा माणूस डॉक्टरकडे का धावला तेही कळलं असतं तिला.

"मला काय माहीत," म्हटलं.

आष्ट्याला ती उतरली. रविवारपर्यंत डोकं शिणवत बसेल आता. बसू दे.